पद्मपाणीच्या खाली

ए.टी.डी. करून परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकलेची बाई म्हणून लागले, त्याला अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझ्या हातून सगळ्यात जास्त काय रंगवून झालं असेल, तर 'स्वागतम्'चे फलक. चित्रकलेचा तास दहावीच्या गणिताला जातो. उरलेल्यात एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी. स्वतःचं चित्र राहून गेलं. कुणी आडवं आलं नव्हतं, राहून गेलं.

त्या डिसेंबरात सहल अजिंठ्याला नेली. रात्री दोनला निघालेली एसटी, दोघातिघींच्या उलट्या, लेण्यांच्या बससाठी पुन्हा रांग. एक नंबरच्या लेण्यात चपला काढून शिरलो आणि पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापुढं माझी टेप सुरू झाली. १८७२ पासून ग्रिफिथ्ससाहेब मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पोरं घेऊन इथल्या चित्रांच्या नकला करत होता, १८८५ला लंडनच्या आगीत त्यातल्या कितीतरी जळाल्या, भुवईची रेषा बघा, बोटांतलं कमळ बघा.

आठवीतली एक पोरगी मात्र वाकून भिंतीच्या बुडाशी बघत होती. तिथलं चित्र उडून नुसता गिलावा उरलाय.

"काय बघायलीस गं? चित्र वर हाय."

"बाई, ह्याच्यात भुस्सा हाय."

मी वाकले. मातीत काड्यांचे बारीक तुकडे. वर पापुद्र्याएवढा पांढरा थर, आणि रंग त्याच्यावर.

"आमची आजी अशीच भिंत लिंपती. वरून पोतारा."

हे सगळं मी पाठ केलेलं होतं. मातीत तूस आणि झाडाचे तंतू, वर चुन्याचा हात, तो वाळल्यावर डिंकात नाहीतर सरसात कालवलेले रंग. परीक्षेत लिहून मार्कही घेतले. पण चार वेळा इथं येऊन उडालेल्या जागेकडं एकदाही नजर गेली नव्हती. मी आपली चेहरेच बघत आले.

जानेवारीत शाळेमागं एका फळीवर माती-भुस्सा लिंपला. गेरू, काजळी, चुना जमवून ठेवला. चौथ्या दिवशी फळीभर भेगा. पोरीनं भेगेत नख घालून पाहिलं.

"चिखल मुरूच दिला नाई बाई तुमी."

सोमवारी तिची आजी आली. भेगा बघितल्या, मग माझ्या हातातला ब्रश.

"ते ठिवा आदी," म्हणाली. "हात घाला."