बाबांचा आवाज आणि तिसरी प्रत
आज जुन्या हार्ड डिस्कमधल्या फाइली नव्या डिस्कवर उतरवून घेताना जुन्या डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला आणि काळजाचा ठोका चुकला, कारण बाबांच्या आवाजाचे एकमेव रेकॉर्डिंग तिच्यातच उरले होते. सिंक केलेल्या, म्हणजे क्लाउडशी (इंटरनेटवरच्या साठ्याशी) आपोआप जुळत राहणाऱ्या फोल्डरमधून फाइल चुकून पुसली गेली की ती क्लाउडवरूनही जाते; या रेकॉर्डिंगची तिथली प्रत अशीच गेली, आणि कचरापेटीतली मुदत (अनेक सेवांमध्ये ती ३० दिवसांचीच असते) उलटेपर्यंत मला पत्ताही लागला नव्हता. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर, हा ३-२-१ चा नियम आता पाळणार आहे. एक डिस्क उद्याच ताईकडे ठेवायला देतो. उतरलेली फाइल लगेच उघडून ऐकली, तेव्हा बोलण्याआधीचे बाबांचे खाकरणेही स्पष्ट ऐकू आले.