आरए मोटार नुसतीच थरथरते तेव्हा

पावसाळाभर पेटीत पडून असलेला ईक्यू-५ माउंट, म्हणजे दुर्बिणीचा फिरता आधार, ऑक्टोबरात गच्चीवर मांडला. कंट्रोलरचा लाल दिवा लागला, डेकची (दुर्बीण उत्तर-दक्षिण हलवणारी) मोटार बटण दाबताच फिरली, पण आरएची (आकाशाबरोबर दुर्बीण पूर्व-पश्चिम फिरवणारी) जागच्या जागी थरथरत राहिली. स्टेपर मोटार अशी थरथरली तर वीज पोचते आहे, पण चार फेजपैकी (पाळीपाळीने चालू होणाऱ्या कॉइलपैकी) एखादी गायब आहे किंवा कायम चालू राहिली आहे, असं समजावं. मोटार जळल्याची शंका सगळ्यात शेवटी घ्यायची.

आधी अदलाबदल केली. वीज बंद करून आरएची मोटार डेकच्या सॉकेटला जोडली. त्या सॉकेटवर मोटार बटण दाबल्यावरच चालते, आपोआप नाही. हे ठाऊक नसेल तर चांगली मोटारही मेलेली वाटते. बटण दाबलं आणि ती सुरळीत फिरली. मोटार आणि तिची वायर दोषमुक्त, दोष कंट्रोलरच्या आरए बाजूला. मोटारीचा प्लग चालू विजेवर कधीही काढू-घालू नये. कॉइलमधला प्रवाह एकदम तुटला की व्होल्टेजचा झटका ड्रायव्हरला, म्हणजे मोटार चालवणाऱ्या आयसीला, बसतो.

आरए सॉकेटच्या पिनांवर हिरवट थर होता. इंदूरचा उन्हाळा कोरडा म्हणून आपण निर्धास्त असतो, पण जुलै-ऑगस्टची दमट हवा पेटीतल्या फोममध्ये मुरून बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने पिना घासल्या, सॉकेटचे सांधे पुन्हा सोल्डर केले. थरथर तशीच.

मग बोर्ड पाहिलं. त्यावर यूएलएन२००३ या ड्रायव्हरच्या दोन आयसी, एकेका मोटारीला एक. मोटारी काढून ठेवल्या, कारण त्या जोडलेल्या असतील तर कॉइलमुळे सगळे आउटपुट एकमेकांना जोडले जातात आणि मीटर सगळीकडे सारखंच दाखवतो. मल्टिमीटर डायोडवर ठेवून लाल प्रोब ८ नंबरच्या पिनेला, म्हणजे ग्राउंडला, आणि काळा प्रोब एकेका आउटपुटला लावला. १६, १५ आणि १३ वर साधारण ०.६ व्होल्ट. १४ वर थेट शून्य, वर बीप. आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला, म्हणून ती एक फेज सतत चालू.

कारण माझंच. उन्हाळ्यात मिळून ६ व्होल्ट देणारे चार मोठे सेल संपले, तेव्हा एक रात्र १२ व्होल्टची बॅटरी लावून काम भागवलं होतं. या मोटारीची कॉइल ३५ ओहमची. ६ व्होल्टवर आयसीतच सुमारे १ व्होल्ट जातो, उरलेल्या ५ व्होल्टला १४० मिलिअँपिअर वाहतात. १२ वर तेच ३१० च्या पुढे जातात आणि कॉइलमधली उष्णता पाचपट होते. डेटाशीटवर ५०० मिलिअँपिअर लिहिलेले असले तरी तो एका आउटपुटचा आकडा आहे. इथे दोन फेज एकाच वेळी तासन्‌तास चालू असतात, तेही बंद डबीत.

इंदूरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, महाराणी रोडवर, “भैया, यूएलएन दो हजार तीन” एवढं सांगितलं की काम होतं. दोन आयसी, १६ पिनांचा बेस, कमी व्होल्ट खाणारा १एन५८१९ डायोड आणि अर्ध्या अँपिअरचा पॉलिफ्यूज (गार झाल्यावर आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) घेतला. जुनी आयसी अख्खी उपटायच्या भानगडीत पडू नये, तांब्याची पट्टी उचलून येते. बारीक कटरने सोळाही पाय कापले, मग २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने एकेक पाय ओढून काढला आणि भोकं डिसोल्डर पंपाने मोकळी केली. बेसमुळे उंची वाढते, तेव्हा डबीचं झाकण बसतंय का ते सोल्डर करण्याआधीच पाहावं. आयसीची खाच जुनीच्याच दिशेला हवी.

डायोड आणि पॉलिफ्यूज पुरवठ्याच्या धन तारेत घातले. उलटी बॅटरी अडवायला १एन४००७ चालला असता, पण तो ०.७ व्होल्ट खातो. ६ व्होल्टमधून तेवढे देणं परवडत नाही. पहिल्यांदा वीज देताना मीटर मालिकेत ठेवला: मोटार एकच जोडलेली, ३०० मिलिअँपिअरच्या आसपास. बरोबर.

फिरते आहे म्हणजे वेग बरोबर आहे असं नव्हे. आरएच्या वर्म व्हीलला (वर्म या मळसूत्री दांड्याने फिरणाऱ्या दातेरी चाकाला) १४४ दाते, नाक्षत्र दिवस, म्हणजे ताऱ्यांचा एक फेरा, ८६,१६४ सेकंदांचा, म्हणून वर्मचा एक फेरा ५९८ सेकंदांत. सौर दिवसाने धरलं तर ६००. दोन सेकंदांचा फरक एका फेऱ्यात पकडता येत नाही, म्हणून वर्मच्या दांड्यावर पेन्सिलने खूण केली आणि सहा फेरे मोजले: ५९ मिनिटं ५० सेकंद. गोलार्ध निवडायचा उत्तर-दक्षिण स्विच ‘उत्तर’वर आहे ना, तेही तेव्हाच पाहिलं.

शेवटची चाचणी आकाशात. नोव्हेंबरात मध्यरात्र उलटल्यावर मृगाच्या बाणातला सर्वांत आधी उगवणारा तारा, मिंटाका, चांगला वर येतो. तो खगोलीय विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून आहे. क्रॉसहेअरच्या आयपीसमध्ये २० मिनिटं धरला, म्हणजे वर्मचे दोन फेरे. पूर्व-पश्चिम थोडा डोलला आणि दर दहा मिनिटांनी जागेवर आला. ती वर्मची चूक, आयसीची नाही. उत्तरेकडे मात्र तो हळूहळू सरकत गेला. ते माउंटच्या अक्षाचा रोख ध्रुवाकडे नीट न धरल्याचं. इंदुरात ध्रुवतारा जेमतेम पावणेतेवीस अंशांवर असतो आणि माझ्या गच्चीवरून तो शेजारच्या पाण्याच्या टाकीमागे जातो.