ओहोटीच्या वेळेत शोधायच्या खुणा: हरिहरेश्वर ते कशेळी

जिओकॅशिंगचा खेळ आपल्याकडे अजून फारसा रुळलेला नाही, म्हणून त्याची ओळख आधी थोडक्यात करून देतो. मे २००० च्या आरंभी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यातील एका जंगलात वस्तूंनी भरलेली बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेव्हापासून जगभर अशा डब्या लपवल्या जातात. शोधणारा आतल्या नोंदवहीत सही करतो आणि डबी होती तशी ठेवून येतो. प्रत्येक डबीला दोन आकडे दिलेले असतात. एक शोध किती अवघड आहे याचा आणि दुसरा भूभाग किती अवघड आहे याचा, दोन्ही १ ते ५ या मापात. भूभागाचा आकडा ५ असेल, तर होडी, दोर किंवा अशाच खास साधनांवाचून तिथे पोहोचता येत नाही. कोकण किनाऱ्यावर हा दुसरा आकडा दिवसभर एकच राहत नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो. ज्या खडकावर सकाळी वयस्कर माणूस काठी टेकत जाऊ शकतो, त्याच खडकावर संध्याकाळी कंबरभर पाणी आपटत असते.

हरिहरेश्वर ते कशेळी या आमच्या फेरीसाठी मंडळींपैकी एकाने आधी जाऊन सगळ्या खुणा ठरवल्या होत्या. संरक्षित लेणी, देवळांचा परिसर आणि कातळशिल्पे येथे एकही डबी ठेवायची नाही, हा त्याचा नियम होता आणि तो मला पूर्णपणे पटतो. प्राचीन स्मारकांबाबतच्या १९५८ च्या कायद्याचा धाक आहेच, पण एकाने फटीत डबी ठेवली की पुढचे दहा जण ती शोधताना कोरीव काम खरवडतात, हे कारण मला अधिक मोठे वाटते. त्यामुळे अशा ठिकाणी फक्त निरीक्षण करून उत्तर द्यायचे प्रश्न होते आणि त्या उत्तरांतून निघणाऱ्या डब्या खाजगी जमिनीत, मालकाला विचारून ठेवलेल्या होत्या.

पहिली खूण हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर होती. काळभैरवाच्या देवळामागच्या पायऱ्या चढून टेकडीवर जावे, दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या घळीतून खाली उतरावे, आणि समोर लाटांनी कापून सपाट केलेला खडकाचा विस्तीर्ण ओटा येतो. घळीत शिरताच मोबाइलवरचा बिंदू समुद्रात जाऊन पडला, कारण उपग्रहांचे संकेत कड्यांवर आपटून उशिरा पोहोचतात आणि यंत्राला अंतर चुकीचे वाटते. अशा जागी बिंदूमागे धावू नये. आकाश मोकळे असेल तिथे येऊन पाच मिनिटे स्थिर उभे राहावे, वाचनांची सरासरी घ्यावी आणि उरलेले अंतर दिशा धरून पावलांनी मोजावे. आमचा प्रश्न कड्यावरच्या जाळीविषयी होता. खडकाच्या उभ्या भिंतीवर मधाच्या पोळ्यासारखी खळगी पडलेली आहेत. एका खळग्यात मी बोट फिरवले तेव्हा तळाशी पांढरट खारट पूड लागली आणि तिच्याबरोबर खडकाचे चार कण सुटून आले. समुद्राचे तुषार खडकाच्या छिद्रांत मुरतात, पाणी सुकते, मिठाचे स्फटिक वाढतात आणि आसपासचे कण ढकलून बाहेर काढतात. भिंत अशी कोरली जाताना प्रत्यक्ष हाताला लागणे हा या खुणेचा खरा ऐवज आहे.

याच वाटेवर बेसावध माणसे लाटेने ओढली जाऊन प्राणास मुकलेली आहेत, म्हणून वेळेचे गणित नीट मांडतो. किनाऱ्यावरची जुनी रीत अशी, की पक्षातल्या तिथीला पाऊण ने गुणले की पूर्ण भरतीची वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. म्हणजे षष्ठी ते अष्टमी या तिथींना ओहोटी पावणेअकरा ते सव्वाबाराच्या दरम्यान येते आणि दोन्ही बाजूंना भरपूर उजेड मिळतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत दूर जाते खरे, पण दिवसाची ती ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास येते, आणि पाणी फिरण्याची व काळोख पडण्याची वेळ एकच होते. नवख्यांनी तो दिवस टाळावा. हे गणित अंदाजाचे आहे. निघण्यापूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यावरून त्या बंदराची वेळ ताडून पाहावी, पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी उतरावे आणि पाणी फिरताच परतावे. खडकावर कालवे फोडत बसलेल्या एका मावशींना आम्ही विचारले, तेव्हा त्या मान वर न करता म्हणाल्या, “पाणी फिरलं की आधी वर यायचं, फोटो मग.” त्यांच्या पायाशी फुटलेल्या कालवांच्या कडा होत्या आणि त्या चामड्याची चप्पलसुद्धा कापतात. जाड तळव्याचे बूट आणि हातमोजे ही इथे चैन नव्हे.

हरिहरेश्वरहून बागमांडले-वेशवी फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा लागतो. दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजी येथे कोटजाई नदीकाठी २९ लेणी आहेत. बौद्धांपासून शैव आणि नाथपंथीयांपर्यंत अनेकांनी ती शतकानुशतके वापरली, आणि इथे सापडलेला शिलाहारांचा ताम्रपट ११३९ सालचा आहे. लेण्याच्या आत जीपीएस चालत नाही. दारातून दोन-तीन पावले आत गेले की वाचन गोठते किंवा भरकटते. म्हणून लेण्यातल्या खुणेचे अक्षांश-रेखांश देताना ते नेहमी दाराबाहेरच्या मोकळ्या जागेचे द्यावेत आणि आतले वर्णन शब्दांत लिहावे. आमचे कोडे सोपे होते: लेण्यांची एकूण संख्या अक्षांशाच्या मिनिटाच्या शेवटच्या तीन दशांश स्थळांत मिळवायची. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे सुमारे १.८५ मीटर, त्यामुळे २९ मिळवले की खूण साधारण ५४ मीटर उत्तरेला सरकते. ती तशी सरकून संरक्षित हद्दीबाहेरच्या एका बागेत गेली. बागेचे मालक असलेल्या काकांनी स्वतःच डबीवर पत्र्याचा तुकडा ठेवला होता, पाऊस लागू नये म्हणून. लेण्यांत वटवाघळे असतील, तर विजेरीचा झोत त्यांच्यावर रोखू नये, विष्ठेची धूळ उडवू नये आणि तोंडावर मास्क ठेवावा. त्या धुळीतील बुरशीमुळे फुप्फुसांचा आजार होऊ शकतो.

दाभोळ-धोपावे फेरीने वाशिष्ठी ओलांडून आम्ही गुहागर तालुक्यात उतरलो. हेदवीच्या किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या देवळापलीकडे बामणघळ आहे: काळ्या खडकाला पडलेली अरुंद, खोल भेग, जिच्यात भरतीची लाट कोंडून उंच उसळते. इथे वेळेचे तंत्र उलटे करावे लागते. उसळी पाहायची तर भरती हवी आणि जवळून निरीक्षण करायचे तर ओहोटी हवी. दोन्ही एकाच फेरीत उरकण्याचा मोह आवरावा. आम्ही भरतीला दूरच्या कोरड्या खडकावर बसून लाटा मोजल्या. सहा-सात लहान लाटांनंतर अचानक येणारी एखादी मोठी लाट सगळा काठ धुऊन नेते, हे तेव्हा डोळ्यांनी दिसले. भेगेजवळ आम्ही ओहोटीतच गेलो. इथल्या भूभागाला मी ओहोटीत २ आणि भरतीत ५ देईन, आणि हे दोन्ही आकडे खुणेच्या वर्णनात छापले जावेत, असे माझे ठाम मत आहे.

तवसाळ-जयगड फेरीनंतरचा पल्ला लांबचा आहे, पण त्यात सांगण्यासारखे विशेष नाही. राजापूर तालुक्यातील कशेळीला देवघळी नावाची खोल सागरी घळ आहे. कनकादित्याची मूर्ती तिथल्या गुहेत मिळाली, अशी गावाची श्रद्धा आहे. या घळीत उतरू नये. प्रश्नाचे उत्तर वरच्या कड्यावरून मिळेल असाच तो रचलेला होता, आणि तिथे पुढे खूण ठेवू इच्छिणाऱ्यानेही हेच पाळावे.

कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, सुमारे १८ मीटर लांबीच्या हत्तीचे कातळशिल्प आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून अशी शिल्पे उजेडात आणली, आणि २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. रेषा सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतात, त्यामुळे त्यांवर खडू ओढण्याची किंवा पाणी ओतण्याची काहीही गरज नाही.

जांभ्याच्या सड्यावर सर्वांत मोठी काळजी फुरशाची. हा जेमतेम हात-दीड हात लांबीचा विषारी साप दगडाखाली आणि सुक्या गवतात बसतो, दगडाच्या रंगात मिसळतो आणि डिवचला तर अंगाची वेटोळी घासून करवतीसारखा आवाज करतो. डबी शोधण्याची सहज सवय म्हणजे फटीत हात घालणे, आणि सड्यावर नेमकी तीच घातक ठरते. आधी काठीने दगडाची पलीकडची कड उचलून तो आपल्याकडे कलंडवावा, मग विजेरीने पाहावे, मगच हात पुढे करावा. दंश झाल्यास आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये. अवयव स्थिर ठेवून प्रतिसर्पविष असलेल्या ग्रामीण रुग्णालयात थेट न्यावे. जवळचे रुग्णालय कोणते आणि तिथे प्रतिसर्पविष आहे का, हे १०८ वर किंवा गावात आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. लाल विंचूही याच दगडांखाली असतो. त्याच्या दंशावर प्राझोसिन हे औषध कसे गुणकारी ठरते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले आहे, तेव्हा तिथेही मंत्र-तोडग्यांत वेळ न दवडता रुग्णालयच गाठावे.

शेवटची खूण देवाचे गोठणे येथील कातळात कोरलेल्या मनुष्याकृतीपाशी होती. तिथे होकायंत्राची सुई उत्तर सोडून भलतीकडे वळते. यंत्र एक पाऊल हलवले की सुई पुन्हा फिरते. दिशा आणि पावले यांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी सड्यावरच्या अशा जागी होकायंत्र बाजूला ठेवून दूरचे झाड, गडगा किंवा देवळाचा कळस यांची रेघ धरावी. इंटरनेट बेभरवशाचे असल्याने नकाशे आधीच उतरवून घ्यावेत. उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी यंत्रे परवान्यावाचून भारतात वापरता येत नाहीत, ती आणू नयेत. आणि किनाऱ्यावर हातात यंत्र घेऊन खडक धुंडाळणाऱ्या अनोळखी माणसांची चौकशी होणारच, म्हणून गावात शिरताच पोलीसपाटलांना किंवा सरपंचांना भेटून काय शोधतो आहोत आणि किती वाजता परतणार, हे सांगावे. परतल्यावर त्यांना तसे कळवूनच पुढची वाट धरावी.