टोकियो, नदीच्या बाजूनं

टोकियोला मुलीकडे जायच्या व्हिसासाठी तिचा जन्मदाखला, तिचं निमंत्रण, जावयांच्या नोकरीचे कागद अशी जाडजूड फाइल झाली. दाखल्यावर माझं नाव एक आणि पासपोर्टवर दुसरं, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ. प्रतिज्ञापत्र जोडलं आणि सुटले. नारिता विमानतळावर दोन्ही हातांच्या बोटांचे ठसे दिले, फोटो दिला. घ्यायला जावई आले होते. खरी परीक्षा सोमवारी. ती दोघं कामावर आणि मी त्यांच्या घरी, निशी-कसाईत, एकटी.

मुलीनं सुईका कार्ड हातात ठेवलं. पैसे आधी भरायचे, फाटकावर टेकवायचं, उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. म्हणाली, "आई, नावं वाचत बसू नकोस, नंबर बघ." एवढ्यावर मी टोकियो फिरले. मेट्रोच्या प्रत्येक लाइनला एक अक्षर, प्रत्येक स्टेशनला आकडा. आमची तोझाई लाइन म्हणजे टी, रंग आकाशी, आणि निशी-कसाई टी-१६. शहरातून येताना आकडा वाढत गेला की घर जवळ आलं. पत्त्यांचं मात्र काही खरं नाही. बहुतेक रस्त्यांना नावच नसतं. आधी भागाचा नंबर, मग त्यातल्या घरांच्या गटाचा, मग घराचा. "मारुती चौकात या आणि कुणालाही विचारा" ह्यावर वाढलेल्या बाईनं काय करायचं? फोनच्या नकाशावर घराला खूण करून ठेवली.

गाडीच्या डब्यात फोनवर कुणी बोलत नाही. पिशवीतला चिवड्याचा पुडा उघडायचीही चोरी. शनिवारी शिंजुकूला गेलो. दिवसाला तीसेक लाख माणसं त्या स्टेशनातून जातात, बाहेर पडायच्या वाटा दोनशेच्या वर. बघितलं. पुन्हा जाईनच असं नाही.

मला हे शहर कळायला लागलं ते पुलावर. शहराकडून येताना टी-१५ पर्यंत गाडी जमिनीखाली असते. मग वर येते आणि एकदम अराकावा नदी लागते. पात्र केवढं! मी सांगलीच्या गावभागात नांदले. नदी दिसली की पाणी नंतर, आधी काठ बघायची सवय. बांध बघितला, मग त्यामागची घरं बघितली. घरं बांधाच्या माथ्यापेक्षा कितीतरी खाली होती.

रात्री जावयांना विचारलं. त्यांनी वॉर्डानं काढलेली पुराची पुस्तिका काढून दिली. तिच्यावर नकाशा, आणि आमच्या एदोगावा वॉर्डावर चक्क लिहिलेलं: इथं थांबू नका. सरकारी कागदावर इतकं सरळ वाक्य मी आयुष्यात वाचलं नव्हतं. वॉर्डाची जवळपास ७० टक्के जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. कारखान्यांनी जमिनीखालचं पाणी उपसलं आणि जमीन बसत गेली. मोठा पूर आला तर पाणी दोन आठवडेसुद्धा हटणार नाही, तेव्हा आधीच वॉर्ड सोडा, हा सल्ला. ही पुस्तिका २०१९ची. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ असताना. आणि आमच्या गल्लीत "अजून दोन फूट चढू दे, मग बघू" चाललं होतं. पुढं ऑक्टोबरात टोकियोला हागिबिस वादळानं झोडपलं. मुलगी तेव्हा फोनवर "पाऊस आहे जरा" एवढंच म्हणाली होती. आता कळलं!

जावयांनी आणखी एक सांगितलं. ह्या भागातली अराकावा माणसांनी खोदलेली आहे. १९१०च्या पुरानंतर काम काढलं, १९३०ला पुरं झालं. लांबी २२ किलोमीटर, रुंदी साधारण अर्धा किलोमीटर. आपला आयर्विन पूल १९२९चा, म्हणजे एकाच काळातली कामं. हे खोदलेलं पात्र जिथं सुरू होतं तिथं, इवाबुचीला, जुन्या सुमिदा नदीकडे जाणारं पाणी अडवायचे दरवाजे आहेत. मला ते बघायचेच होते, आणि एकटीनं.

कागदावर लिहून घेतलं: टी-१६ ला चढणे, टी-०६ ला उतरणे, एन-१० ला चढणे, एन-१९ ला उतरणे. टी-०६ आणि एन-१० म्हणजे एकच स्टेशन, इइदाबाशी. पण एकातून दुसऱ्यात जाईस्तोवर पायांचे तुकडे पडले. जिने खाली, जिने वर. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं, उजवी बाजू घाईवाल्यांची. हिरव्या रंगाची एन ही खूण नजरेआड होऊ दिली नाही.

लाल दरवाजा १९२४चा, आता नुसता जपून ठेवलाय. काम करतो तो पलीकडचा निळा. २०१९ला तो लावून घेऊन सुमिदात जाणारं पाणी अडवलं होतं. हे सगळं काम पाहणारा इंजिनिअर आओयामा आकिरा, पनामा कालव्यावर राबून आलेला माणूस. काम पुरं झाल्यावर उभारलेल्या दगडावर त्याचं नाव नाही. आपल्याकडे बसायच्या बाकड्यावरसुद्धा नगरसेवकाचं नाव असतं. असो.

तिथंच एका खांबावर जुन्या पुरांच्या खुणा आहेत. फोनचा कॅमेरा रोखला की भाषांतर दिसतं. १९४७ची खूण २०१९च्या वर होती. फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर शेजारच्या वहिनींचं: "फूट का मीटर?"

मीटर, मी लिहिलं. मग तिकडं हिशेब सुरू झाला, कुणीतरी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विषय काढला, त्यावर दुसरा चिडला. मी एन-१९ वर गाडीची वाट बघत वाचत होते.