सावकाश, पण का?

आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. आठवीत बाईंनी निबंध घातला, पाहिलेल्या यात्रेवर. पौषातल्या निवृत्तिनाथांच्या यात्रेला मी आजीबरोबर नाशिकहून त्र्यंबकेश्वरला दिंडीतून चालत गेलो होतो, जवळजवळ 28 किलोमीटर. मी लिहिलं, 'माय ग्रँडमदर वॉक्ड स्लोली.'

बाईंनी 'स्लोली'खाली लाल रेघ ओढली. "सावकाश का रे? दमल्या होत्या, पाय दुखत होता, की घाईच नव्हती?"

मग तो अख्खा तास चालण्यातच गेला. बाकांमधून बाई स्वतः चालून दाखवत होत्या. संध्याकाळी गोदाघाटावर हवा खात फिरतो ते स्ट्रोल. सॉन्टरमध्ये त्याहून बेफिकिरी. एक पाय दुखावल्यामुळे लंगडणं म्हणजे लिम्प. हॉबलमध्ये वेदना जास्त, पावलं आखूड आणि अडखळती. पाय न उचलता घासत चालणं म्हणजे शफल. ते दाखवताना शहाबादी फरशीवर बाईंच्या चपलांचा झालेला सर्र सर्र आवाज अजून माझ्या कानात आहे. गुडघाभर पाण्यातून वाट काढत जायचं, त्याला इंग्रजीत 'वेड' म्हणतात. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठच्या आम्हा पोरांना तो शब्द लगेच कळला.

मराठी कुठे कमी पडते असं मात्र बाईंनी कधी वाटू दिलं नाही. इंग्रजी भाषा चालण्याची तऱ्हा क्रियापदातच भरते, आपण 'चालणे' तसंच ठेवून तरातरा, झपझप, रमतगमत जोडतो, हे त्यांनीच दाखवलं. टॉडल म्हटल्यावर सगळा वर्ग 'दुडूदुडू!' म्हणून ओरडला होता.

माझं घोडं अडलं ते ट्रज आणि प्लॉडपाशी. दोन्हीत पाय जड, चाल संथ. पण ट्रजमध्ये थकवा पुढे येतो, पाऊल ओढून टाकावं लागतं. प्लॉड ऐकायला रुक्ष, पण त्यात न थांबता एका चालीनं जात राहणं आहे. आजीला कोणता द्यावा? अंजनेरीच्या पुढे तिच्या तळव्याला फोड आला होता. बसूया का, असं मी दोनदा विचारलं. ती टाळांच्या ठेक्यावर पाऊल टाकत राहिली, मान फक्त नकारार्थी हलवली.

ती वही मी जपून ठेवली आहे. 'वॉक्ड स्लोली' खोडलेलं, त्यावर माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात 'प्लॉडेड', आणि बाजूला बाईंची बरोबरची खूण.