कवितेची परवानगी मागताना

दिवाळी अंकात जुनी कविता घ्यायची ठरली, की प्रकाशकाला ईमेल टाकून मोकळं व्हायची पद्धत आहे. पण हक्क बरेचदा प्रकाशकाकडे नसतोच. पुस्तकाच्या शीर्षकपानाची मागची बाजू उघडा. कॉपीराइटच्या खुणेपुढे कवीचं किंवा त्याच्या घरच्यांचं नाव असेल, तर पत्र तिकडे जायला हवं. प्रकाशक फार तर पत्ता देईल.

त्याआधी कवीच्या मृत्यूचं साल बघा. आपल्याकडे हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. मर्ढेकर मार्च १९५६ मध्ये गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०१६ ला हक्क संपला. कुसुमाग्रज गेले १९९९ साली, तिथे २०५९ संपेपर्यंत विचारावंच लागेल. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा, त्याची साठ वर्षं वेगळी.

खरी अडचण वारसांची. मृत्युपत्र नसेल आणि तीन भावंडं वारस असतील, तर तिघांच्याही सह्या लागतात. थोरल्याने फोनवर ‘घ्या हो, बाबांना आनंदच झाला असता’ म्हटलं, तरी धाकटी हरकत घेऊ शकते.

‘आपली कविता वापरू का?’ एवढंच विचारलं तर समोरचा गोंधळतो आणि पत्र बाजूला ठेवतो. असं लिहा: ‘अमुक संग्रहातील अमुक कविता, पूर्ण, २४ ओळी, बदल न करता. २००० प्रतींचा छापील अंक व त्याचं ई-बुक. मराठी, जगभर, दहा वर्षांसाठी. एकमेव हक्क नको. मानधन इतके रुपये. श्रेयओळ आपण सांगाल तशी.’ खाली सहीची जागा सोडा आणि दोन प्रती पाठवा, म्हणजे एक सही होऊन परत येते. मुदत लिहायची राहिली तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश राहिला तर फक्त भारत. अमेरिकेतल्या मंडळाला ई-बुक विकताना नेमकं हेच आडवं येतं.

‘पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास संमती गृहीत धरू’ या ओळीला कवडीची किंमत नाही. कवितेखाली छापलेल्या ‘साभार’लाही नाही. (तरी दरवर्षी दिसतं.)

पत्रं आषाढातच टाका, गणपतीनंतर अंक छपाईच्या घाईत असतो. आणि तेवढ्याच ओळींची, हक्क संपलेली एक कविता जुळवून तयार ठेवा. ऐनवेळी नकार आला तरी पान मोडत नाही.