मध्यरात्री उतरणारे विमान आणि आधी ठरवलेली गाडी

गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन आठ महिने झालेल्या आईला घेऊन मला परदेशातल्या एका अनोळखी शहरात उतरायचे होते आणि विमान पोहोचण्याची वेळ होती रात्री बारा वाजून चाळीस मिनिटांची. एरवी मी विमानतळाबाहेरच्या रांगेतून टॅक्सी घेणारा माणूस. पण त्या वेळी रांग किती असेल, आईला किती वेळ उभे राहावे लागेल आणि दोघांचे सामान एका गाडीत मावेल का, या तीन प्रश्नांची उत्तरे घरबसल्या मिळणे शक्य नव्हते. म्हणून गाडी आधीच ठरवायची, असे मी पक्के केले. भाडे टॅक्सीपेक्षा जास्त पडणार होते, पण ते ठरलेले होते.

बुकिंग करताना मी किमतीपेक्षा अटी अधिक बारकाईने वाचल्या, आणि ते योग्यच झाले. चालक किती वेळ विनामूल्य थांबणार आणि तो वेळ नेमका कुठून मोजणार, हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. काही ठिकाणी आपण दिलेल्या वेळेपासून घड्याळ सुरू होते, तर काही ठिकाणी विमान प्रत्यक्ष उतरल्यापासून. मी दुसऱ्या प्रकारची सेवा निवडली, तिच्यात एक तासाची मुभा होती, आणि फॉर्ममध्ये विमानाचा क्रमांक न चुकता भरला, कारण तो नसेल तर विमानाला उशीर झाल्याचे चालकाला कळणार कसे? दोन मोठ्या बॅगा, दोन लहान आणि आईचा वॉकर एवढे सामान साध्या गाडीच्या डिकीत बसणार नाही, हे लक्षात घेऊन गाडीही मोठी सांगितली.

चूक झाली ती तारखेत. आम्ही मंगळवारी संध्याकाळी निघणार होतो, म्हणून मी मंगळवारचीच तारीख भरली. पण बारा चाळीस म्हणजे बुधवार लागलेला असतो. मी भरल्याप्रमाणे गाडी आली असती, तर ती आम्ही घरातून निघण्याच्याही आधी येऊन परत गेली असती. रात्री ईमेलवर आलेली पावती तिकिटाशेजारी ठेवून वाचली तेव्हा हे ध्यानात आले, आणि सकाळी फोन करून तारीख बदलून घेतली. नुसत्या तोंडी होकारावर मी थांबलो नाही. सुधारित पावती मागवली आणि तिची छापील प्रत जवळ ठेवली.

त्या छापील प्रतीचा उपयोग अपेक्षेपेक्षा जास्त झाला. विमान पन्नास मिनिटे उशिरा उतरले. व्हीलचेअर येईपर्यंत बाकीचे प्रवासी निघून गेले होते, त्यानंतर पासपोर्ट तपासणी आणि सामानाचा पट्टा. माझे सिमकार्ड तिथे चालेना आणि विमानतळाच्या वायफायला ओटीपी हवा होता, जो त्याच बंद पडलेल्या नंबरवर येणार होता. चालकाशी बोलण्याचा कुठलाच मार्ग उरला नाही. पण कागदावर भेटीची जागा स्पष्ट लिहिलेली होती. बाहेर पडताच एक गृहस्थ ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत आईच्या खुर्चीजवळ आले आणि बॅगेला हात घालू लागले. त्यांना नाही म्हणून पुढे गेलो, तर कठड्यापाशी आमच्या नावाची पाटी धरून चालक उभा होता. त्याने पुढची सीट पूर्ण मागे सरकवली, पाठ थोडी कलती केली आणि आईला पाय लांब करून बसता आले. तेवढ्यासाठी दिलेले जास्तीचे पैसे मला जड वाटले नाहीत.

तरीही प्रत्येक वेळी हाच मार्ग धरावा, असे माझे मत नाही. काही महिन्यांनी मी एकटा, एक हातबॅग घेऊन, भर दुपारी दुसऱ्या एका विमानतळावर उतरलो. अधिकृत रांगेत पाच मिनिटांत टॅक्सी मिळाली. बसण्याआधी कार्डाने पैसे चालतील का, हे विचारले आणि मीटर सुरू झाल्याचे पाहिले. वाटेत वाहतूक तुंबली तेव्हा उभ्या गाडीचे मीटर पुढे सरकत होते, आणि ठरलेल्या भाड्याचा फायदा तिथे कळला. पण त्या दिवशी मला कुणाचीही वाट पाहावी लागली नव्हती आणि कुणाला माझी पाहावी लागली नव्हती. उतरताना पावती मात्र मागून घेतली, कारण गाडीत काही राहिले तर शोधायला तिच्यावरचा गाडीचा क्रमांकच कामी येतो.

पुढच्या महिन्यात पुन्हा आईबरोबर जायचे आहे आणि विमान याही वेळी मध्यरात्रीनंतरच पोहोचते. गाडी परवाच ठरवली. फॉर्म भरताना तिकीट आईच्या हातात दिले होते. तिने पोहोचण्याचा वार आणि तारीख मोठ्याने वाचली आणि मी तीच भरली.